अनुदानाची खूण

पत्र बुधवारी आलं.
गुरुवारी भोसरीची सुट्टी, एस ब्लॉकात कुत्रीसुद्धा रस्त्याच्या मधोमध झोपतात,
म्हणून साहेब म्हणाले, शुक्रवारी सांगू.
एक सुट्टी तरी नीट जाऊ दे त्यांची.

मी वाचलं होतं. टपाल माझ्याच टेबलावर येतं.
'सदर अनुदान चालू आर्थिक वर्षापासून
टप्प्याटप्प्याने कमी करण्यात येत आहे.'
टप्प्याटप्प्याने.
कॅलिपर घालून जिना उतरणारीला
हा शब्द कुणी समजावून सांगावा लागत नाही.

शुक्रवारी साडेआठला, मशीन लावायच्या आधी,
सगळे वायरिंगच्या लांब टेबलाशी जमले.
साहेब बोलत होते
आणि मी हातांनी सांगत होते, ऐकू न येणाऱ्या अकरा जणांना.
सरकार. पैसे. कमी.
मग अनुदान.

आधी त्याची खूण होती, डोक्यावर ठेवलेला तळवा.
एकबोटे सरांनी शिकवलेली, आशीर्वादासारखी.
तुळशीराम भेगडेनं ती पहिल्याच वर्षी मोडली.
रागावला की त्याची बोटं ताडताड आपटतात:
माझ्या डोक्यावर कुणाचा हात? का?
तासाला एकशे ऐंशी टर्मिनल दाबतो मी.
मग त्यानं प्रेसजवळची तेलाची कुपी दाखवली
आणि हवेत अंगठा दोनदा दाबला. टिप, टिप.
तेव्हापासून आमच्याकडे अनुदान म्हणजे तेल.
काम आम्हीच करतो,
तेलानं करकर थांबते एवढंच.
घंटेऐवजी लागणारा लाल दिवा, दारातला उतार,
डब्यांवर टोचलेली ब्रेलची लेबलं,
नाशिक फाट्यावरून आणणारी गाडी.

तर मी केलं, टिप, टिप,
आणि मग हात आडवा फिरवला. नाही.

अकरा जणांनी एकदम मशीनकडे पाहिलं.
सलोमी साळवेला दिसत नाही, तिनं विचारलं,
एवढं शांत का झालं?
अकरा माणसं मुळात बोलतच नव्हती.
थांबलेले हात तिला कसे ऐकू येतात
हे मी आठ वर्षांत विचारलेलं नाही.

मागच्या महिन्यात एकजण आला होता, स्टॉपवॉच घेऊन.
सलोमीच्या मागे उभा राहून नट मोजत होता.
तिनं एक नट बोटांत फिरवला, बाजूला ठेवला,
म्हणाली, ह्याचे आटे चुकलेत, तुमच्या चांगल्या कंपनीचा आहे.
त्यानं पाहिलं. खरंच चुकले होते.
त्यानं लिहिलं, वेग: मध्यम.
चुकलेल्या नटासाठी त्याच्या तक्त्यात रकाना नव्हता.

उत्तर लिहायचं ठरलं. अक्षर माझं.
मुबीन तांबोळी एका हातानं टेबल ठोकत म्हणाला,
लिहा, आम्हाला दया नको.
सलोमी म्हणाली, 'नको' लिहू नका,
ते तेवढाच शब्द वाचतील.
हसलो सगळे. हातांनी सांगेपर्यंत
अकरा जण थोडे उशिरा हसले.
कुणीतरी म्हणालं संप करू. कुणीतरी म्हणालं,
केला तर कळणार कुणाला?
ह्याच्यावर कुणी हसलं नाही,
आणि मी ते हातांनी सांगितलंही नाही.

शेवटी एवढंच लिहिलं:
किती गाड्यांत आमची वायर आहे,
किती माल परत आला (एकदाच, तोही पावसात भिजून),
किती जणांच्या पगारावर किती घरं,
आणि तेलाचा हिशेब, थेंबाथेंबाचा.

खाली सह्या. तुळशीरामला सुरेख सही येते,
बँकेत करतो, शेपटी काढून.
पण तो प्रेसला तेल घालून आला होता,
त्यानं अंगठा तसाच टेकवला.
कागद तेवढ्या जागी पारदर्शक झाला,
खालच्या टेबलाचा हिरवा रंग दिसायला लागला.

साहेब म्हणाले, हे चालणार नाही, दुसरा कागद घे.
गाडी पावणेदहाला कॅम्पात जाणार होती.
मी पाकीट शोधत होते.